‘अंशतः’ या शब्दावर बोल

अनेक आशीर्वाद.

तुझं भाषण दोनदा वाचलं. विषय ‘अमेरिकेतील विद्यार्थ्यांची शैक्षणिक कर्जे सरकारने अंशतः माफ करावीत’, आणि तुझ्याकडे अनुकूल बाजू. भाषा खणखणीत आहे, टाळ्याही पडतील. पण सात मिनिटांत ‘अंशतः’ हा शब्द एकदाही येत नाही, आणि सगळा वाद तर तिथेच आहे. समोरचा तयारीचा निघाला तर पहिल्याच खंडनात ‘किती? कोणाचं? कुठल्या अधिकारात?’ एवढंच विचारेल, आणि तुझ्याकडे उत्तर नसेल.

आधी एक वाक्य काढून टाक: ‘बायडेन यांनी चार कोटी तरुणांचं कर्ज माफ केलं.’ घोषणा झाली 24 ऑगस्ट 2022 ला. वर्षाचं उत्पन्न सव्वा लाख डॉलरच्या आत (कुटुंबाचं अडीच लाखांच्या आत) असेल तर 10,000 डॉलरपर्यंत सूट. गरीब घरच्या मुलांसाठी असलेलं पेल अनुदान ज्यांनी घेतलं होतं त्यांना 20,000 पर्यंत. पात्र ठरत होते सुमारे 4 कोटी 30 लाख. जवळपास 2 कोटी 60 लाख लोकांनी माहिती भरली, त्यातल्या 1 कोटी 60 लाखांना मंजुरीही मिळाली. मग 30 जून 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी योजना उडवली. त्या योजनेतून एका डॉलरचीही सूट कोणाच्या पदरात पडली नाही.

निकालाबद्दलही जपून बोल. ‘न्यायालयाने कर्जमाफी अन्यायकारक ठरवली’ असं स्पर्धेत हमखास कोणीतरी म्हणतं. न्यायालयाने तसं काही म्हटलेलं नाही. प्रश्न अधिकाराचा होता. 2003 चा ‘हीरोज’ कायदा आणीबाणीच्या काळात शिक्षणमंत्र्यांना कर्जाचे नियम शिथिल करू देतो. त्यात एवढी मोठी सूट बसते का? बहुमत म्हणालं, बसत नाही, एवढ्या मोठ्या निर्णयाला संसदेची स्पष्ट परवानगी लागते. प्रतिपक्षाने निकाल तोंडावर फेकला तर शांतपणे सांग: आजचा विषय ‘करावीत का’ असा आहे, ‘मंत्री एकटे करू शकतात का’ असा नाही.

आता कागद घे. 30,000 डॉलर कर्ज, व्याज साडेपाच टक्के. महिन्याचं व्याज 137.50 डॉलर. पगार बेताचा, म्हणून उत्पन्नावर ठरणारा हप्ता घेतला, समज 90 डॉलर. म्हणजे दर महिन्याला 47.50 डॉलर व्याज अंगावर राहतं. पाच वर्षांत 5,400 डॉलर भरून देणं झालं 32,850. आता त्यातले 10,000 माफ कर. आधी थकलेलं व्याज वळतं झालं असं धरलं तर मुद्दल उरतं 22,850, आणि त्याचं महिन्याचं व्याज जवळजवळ 105 डॉलर. हप्ता? तोच 90, कारण तो पगारावर ठरतो, शिल्लक रकमेवर नाही. महिन्याची तूट 47 वरून 15 वर आली. कर्ज अजून वाढतंच आहे.

हा हिशेब प्रतिपक्षाने मांडला तर तुझी पंचाईत होईल. तू स्वतः मांडलास तर तोच तुझा मुद्दा होईल. तो असा वळव. सगळ्यात जास्त कर्ज डॉक्टर-वकिलांवर असतं, पण हप्ते थकतात ते बहुतेक छोट्या कर्जवाल्यांचे: कॉलेज अर्ध्यावर सुटलं, पदवी नाही, डोक्यावर पाच-सात हजार डॉलर. त्यांच्यासाठी ‘अंशतः’ माफी हीच पूर्ण माफी. व्हाइट हाउसच्याच अंदाजाने सुमारे 2 कोटी लोकांचं देणं साफ शून्य होणार होतं. मोठ्या कर्जवाल्याला सूट नको, व्याजाला लगाम हवा. बायडेन काळातल्या, उत्पन्नावर हप्ता ठरवणाऱ्या ‘सेव्ह’ योजनेत हप्ता भरल्यावर उरलेलं व्याज सरकार सोडून देत असे. ती 2024 मध्ये न्यायालयात अडकली. जुलै 2025 च्या कायद्यातल्या ‘रॅप’ योजनेत व्याजाची ही सवलत ठेवली आहे, पण कर्जातून सुटका 30 वर्षांनी. वयाच्या पंचविशीत घेतलं तर पंचावन्नाव्या वर्षी!

प्रतिपक्षाचे दोन मुद्दे खरोखर जड आहेत, ते टाळू नकोस. एक, 30 जून 2022 नंतर उचललेलं कर्ज योजनेत नव्हतं. म्हणजे त्याच सप्टेंबरात कॉलेजात पाऊल टाकणाऱ्या मुलीला काहीच नाही, आणि फी जिथल्या तिथे. दोन, उत्पन्न 2020 किंवा 2021 चं बघितलं जाणार होतं. तेव्हा शिकत असलेला आणि आता बड्या फर्ममध्ये लागलेला वकीलही त्यात बसत होता. दोन्ही मान्य कर आणि मग सांग की हे आखणीतले दोष आहेत, तत्त्वातले नाहीत.

‘ज्यांनी पोट मारून फेडलं त्यांचं काय?’ हा प्रश्न तर येणारच. त्याला आपल्याकडचं उत्तर आहे. 2017 च्या शेतकरी कर्जमाफीत दीड लाखापर्यंत सूट देताना नियमित फेडणाऱ्यांसाठी 25 हजारांपर्यंतची प्रोत्साहन रक्कम ठेवली होती. पुढच्या योजनेत ती 50 हजारांपर्यंत गेली. समाधान सगळ्यांचं झालं नाही, पण नियमित फेडणाऱ्याची सोय योजनेतच करता येते हे दिसलं. अमेरिकेच्या योजनेत तसं काहीच नव्हतं. शब्दाचाही वाद तिथे तसाच आहे: माफी म्हटलं की गुन्हा गृहीत धरला जातो, म्हणून तिथल्या चळवळीतले लोक ‘रद्द करा’ म्हणतात. शेतकरी संघटनेने ‘कर्जमुक्ती’ शब्दाचा आग्रह धरला तो याच कारणाने. हे अर्ध्या मिनिटात सांगून पुढे जा, नाहीतर परीक्षक म्हणतील विषय सोडला.

‘उद्योगांची पीपीपी कर्जं माफ केली, मग मुलांचीच का नाही’ हे वाक्य काढ. पीपीपी म्हणजे करोनाकाळात कामगारांचे पगार चालू राहावेत म्हणून उद्योगांना दिलेलं कर्ज. पगार चालू ठेवले तर फेडायचं नाही, हे त्याच्या अटीतच होतं. टाळी मिळेल, पण खंडनात उलटेल. त्याऐवजी सरकारी आणि सेवाभावी नोकरीवाल्यांची 2007 ची योजना घे: 120 हप्ते भरा, उरलेलं माफ. माफीचे अर्ज सुरू झाल्यावर पहिल्या दोनेक वर्षांत शंभरातले जवळपास नव्याण्णव अर्ज फेटाळले गेले. बऱ्याच ठिकाणी 120 हप्ते पुरे झालेले नव्हते, कुठे कर्जाचा प्रकारच बसत नव्हता, तर कुठे हप्त्याची योजना चुकीची निघाली. कायद्यात लिहिलेली माफीसुद्धा अर्जाच्या पातळीवर कशी अडते, हे यापेक्षा चांगलं कशाने दाखवणार?

प्रश्नोत्तरांत कोणीतरी आपल्या मुलांचं विचारेलच. इथून विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांना अमेरिकी सरकारचं हे कर्ज मिळतच नाही. त्यांचं कर्ज इथल्या बँकांचं किंवा खाजगी वित्तसंस्थांचं, त्यामुळे तिथल्या माफीशी त्यांचा संबंध नाही. एका वाक्यात संपव.

400 अब्ज डॉलर खर्चाचा आकडा वापरणार असशील तर तो एका वर्षात तिजोरीतून जाणारा पैसा नाही, पुढच्या अनेक वर्षांत येणं थांबलेल्या वसुलीचं आजचं मोल आहे, हे सोबत सांग. आणि भाषणभर डॉलरचे रुपये करत बसू नकोस. आकडा लाखांत सांगितला की सभागृहातला प्रत्येक जण स्वतःच्या पगाराशी तुलना करू लागतो आणि तुझी पुढची तीन वाक्यं वाया जातात. हिशेबाचा परिच्छेद तोंडपाठ कर, आणि सुरुवात नव्याने लिहून गुरुवारपर्यंत पाठव.