एकीसाठी यात्रा, की यात्रेमुळे एकी?

प्रश्न : खानापूर तालुक्यातील आमच्या गावी बऱ्याच वर्षांनी ग्रामदेवता लक्ष्मीची यात्रा भरली. बांधाच्या वादातून कोर्टात गेलेले दोन भाऊबंद रथाच्या दोराला शेजारी शेजारी लागले. बेळगावात समाजशास्त्र शिकणारी माझी मुलगी म्हणते, ‘गावाची एकी हे यात्रेचे प्रकार्य (म्हणजे समाजासाठी ती करत असलेले काम) आहे, म्हणूनच यात्रा टिकली.’ माझी आई म्हणते, ‘आम्ही देवीसाठी करतो, एकीसाठी नव्हे.’ कोणाचे बरोबर? मुलीला यावरच प्रकल्प लिहायचा आहे.

उत्तर : आपल्या आईंचे म्हणणे शास्त्राला सोडून आहे, असे मुळीच समजू नये. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १८९५ मध्ये समाजशास्त्रीय पद्धतीचे नियम मांडताना बजावले होते की, एखादी प्रथा कशासाठी उपयोगी पडते हे दाखवल्याने ती कशी जन्मली हे सिद्ध होत नाही. कारण वेगळे शोधावे आणि प्रकार्य वेगळे. आपल्या गावची यात्रा साथीच्या भीतीतून सुरू झाली, नवसातून की कोणाच्या मानापानातून, याचा शोध जुन्या कागदांत आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणींत घ्यावा लागेल. आज त्यातून एकी होते एवढ्यावरून त्याचे उत्तर मिळत नाही. मुलीच्या वाक्यातला ‘म्हणूनच’ हा शब्द मला म्हणून खटकतो.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४९ मध्ये केलेला भेद इथे फार उपयोगी आहे. करणाऱ्यांच्या मनात असलेला आणि त्यांना ठाऊक असलेला परिणाम म्हणजे प्रकट प्रकार्य. कोणी न योजलेला, बहुधा ध्यानातही न आलेला परिणाम म्हणजे सुप्त प्रकार्य. अमेरिकेतील होपी लोकांच्या पर्जन्यविधीचे उदाहरण त्यांनी दिले आहे : विधीने पाऊस पडत नसला, तरी विखुरलेली माणसे एका कामासाठी जमतात आणि त्यांची एकजूट बळावते. आपल्याकडे यात्रेआधी वार पाळताना मंगळवारी-शुक्रवारी सारे गाव शेतात जात नाही. घरातल्या आजीला विचारले तर ती देवीचा वार म्हणून सांगेल. पण त्याच दिवशी सगळे घरी सापडतात, पंचांची बैठक भरते, घरटी पट्टी ठरते आणि एरवी एकमेकांच्या दारात न जाणारे एका जाजमावर बसतात. आई प्रकट बाजू सांगतात, मुलगी सुप्त बाजू. दोघींची विधाने एकमेकींना खोडत नाहीत.

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांचे विद्यार्थी, समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९५२ मध्ये आपल्याच राज्यातील कोडगू (कुर्गी) लोकांवरील ग्रंथात विधींमधून घराण्याची व गावाची एकजूट कशी व्यक्त होते, हे दाखवले. ते वाचावेच, मात्र तिथे थांबू नये. प्रत्येक प्रथा साऱ्या समाजाला हितकारकच असते आणि तिच्यावाचून चालतच नाही, ही गृहीतके मर्टन यांनी नाकारली, हे मला त्यांच्या कामातले सर्वांत मोलाचे वाटते. काही परिणाम मारक असतात. त्यांना अपकार्य म्हणतात. पै-पाहुण्यांच्या जेवणावळीसाठी उसाच्या बिलाच्या भरवशावर काढलेले कर्ज हा त्यातलाच प्रकार. आपल्याच जिल्ह्यातील सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीला मुली सोडण्याची प्रथा आठवा : तिच्यात कोणाचे काय साधत होते हे सांगता येईलही, पण त्याची किंमत प्रामुख्याने दलित घरांतल्या मुलींनी मोजली आणि कर्नाटकाला १९८२ मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला. म्हणून ‘प्रकार्य, पण कोणासाठी?’ हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

प्रकल्पासाठी मुलीने पंचांकडची जमाखर्चाची वही पाहावी, पट्टी कोणाला जड गेली ते विचारावे, ओटीचा आणि दोराचा मान कोणाकडे असतो व कोण दूर उभे राहते याची नोंद करावी. आणि त्या दोन भाऊबंदांना यात्रेनंतर सहा महिन्यांनी पुन्हा भेटावे, कारण खटला मागे घेतला गेला की तारखा तशाच पडत राहिल्या, यावरच तिच्या ‘एकी’ या शब्दाचे वजन ठरेल.