वाचकांचे प्रश्न : देगलूरला जॉ प्लेट लवकर का जाते?

प्रश्न : माझं खडी क्रशर देगलूर तालुक्यात आहे, मेहुण्याचं अंबडकडं. मशीन एकाच मापाचं, जॉ प्लेटी (जबड्यासारख्या दगड चिरडणाऱ्या दातेरी प्लेटी) एकाच दुकानातल्या. तरी त्यांच्या प्लेटी माझ्यापेक्षा जवळजवळ दुप्पट चालतात. मला हलका माल दिला असेल का? आता बावीस टक्के मँगनीजच्या प्लेटी घ्या, असं जो तो सांगतोय. घेऊ का?

उत्तर : दादा, दुकानदाराशी भांडण्याआधी दोन्ही खाणींतला एकेक डब्बर फोडून शेजारी शेजारी ठेवा. अंबडचा दगड काळा, बारीक कणांचा बेसाल्ट निघेल. मराठवाड्याचा बहुतेक भाग याच दगडावर आहे. पण देगलूर-बिलोलीच्या पट्ट्यात हा काळा दगड संपतो आणि खालचा जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. तुमच्या दगडात काचेसारखे चमकणारे कण दिसतात ना, ते क्वार्ट्झ. ग्रॅनाइटमध्ये त्याचं प्रमाण पाचव्या हिश्श्याच्या वर असतं आणि तेच प्लेट खातं. बेसाल्ट फोडायला चिवट खरा, पण त्यात असं सुटं क्वार्ट्झ फारच थोडं असतं. म्हणून मेहुण्याच्या प्लेटीशी तुमच्या प्लेटीची तुलना करू नका. तुमच्याच आजूबाजूच्या, ग्रॅनाइट फोडणाऱ्या क्रशरशी करा.

तरीही मनातली शंका काढून टाका. नव्या प्लेटीचा एक कोपरा ग्राइंडरनं थोडा घासा आणि तिथं लोहचुंबक लावा. चांगलं मँगनीज स्टील चुंबकाला धरत नाही. वरच्या सालीला किंचित ओढ लागू शकते, म्हणून आधी घासायचं. घासलेल्या जागीही चुंबक घट्ट बसलं, तर ती प्लेट परत करा. सोबत तपासणीचा कागद मागा, त्यावर कार्बन, मँगनीज आणि क्रोम किती ते लिहिलेलं असतं.

आता बावीसचं. मँगनीजचं पोलाद रॉबर्ट हॅडफील्ड यांनी 1882 साली इंग्लंडमधल्या शेफिल्डला शोधलं. त्याची खुबी अशी की नवी प्लेट मऊच असते, कडकपणा साधारण 200 ब्रिनेल (कडकपणाचं माप). दगडाचा दणका बसत गेला की वरचा थर 450-500 पर्यंत कडक होतो आणि आतला गाभा चिवट राहतो. दणकाच बसला नाही, तर ती मऊच्या मऊ घासली जाते. म्हणून मी आधी फीडर, म्हणजे जॉमध्ये माल सोडणारं यंत्र, बघायला सांगतो. ग्रिझलीच्या (माती-चुरा आधीच गाळणाऱ्या जाळीच्या) पट्ट्यांमध्ये माती आणि बारीक चुरा अडकून बसला, की मुरूम, चुरी सगळं जॉमध्ये येतं. ते फुटत नाही, नुसतं रगडत खाली सरकतं. अशा ठिकाणी बावीस घाला नाहीतर अठरा, पैसे मातीतच जातात. पावसाळ्यात तर ग्रिझली रोज साफ करा. डब्बर जॉच्या तोंडाच्या मापाच्या ऐंशी टक्क्यांपेक्षा मोठा टाकू नका, आणि जॉ भरलेला ठेवा, रिकामा-भरलेला असा चालवू नका.

एवढं झाल्यावर तुमच्या ग्रॅनाइटसाठी मी अठरा टक्के मँगनीज आणि दोन टक्के क्रोमची, रुंद दात आणि जास्त जाडीची प्लेट घेईन. ती कशी झिजते ते बघून मगच बावीसचा विचार करा. काढलेली जुनी प्लेट लगेच भंगारात देऊ नका. एकाच बाजूला झिजली असेल, तर फीडर माल तिरका टाकतोय. नुसती खालून गेली असेल, तर सेटिंग (जॉच्या खालची फट) गरजेपेक्षा घट्ट ठेवलीय किंवा प्लेट उलटायला, म्हणजे खालचं टोक वर करायला, उशीर झालाय. पुढची खरेदी कशी करायची हे जुनी प्लेटच सांगते.

प्रश्न : प्लेट उलटी कधी करायची? आणि झिजलेल्या दातांवर वेल्डिंग चालेल का? (जिंतूर)

उत्तर : खालचे दात पूर्ण सपाट व्हायच्या आधी उलटा. स्थिर बाजूची प्लेट आधी जाते, तिच्याकडं जास्त लक्ष द्या. बसवताना मागची जागा खरवडून स्वच्छ करा. मागं पोकळी राहिली तर प्लेट हलते, तडकते आणि फ्रेमही खाते. बोल्ट पहिल्या शिफ्टनंतर पुन्हा आवळा. हे बहुतेक जण विसरतात.

वेल्डिंग चालतं, पण मँगनीज तापवलेलं सोसत नाही. तीनशे अंशांच्या आसपास गेलं की ते ठिसूळ व्हायला लागतं. आधी गरम करू नका, छोटे टाके मारा, थंड होऊ द्या. अर्थिंगचा चिमटा प्लेटीवरच लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जाऊन त्याचा चुराडा होईल.

प्रश्न : यजमान गेल्यापासून क्रशर मी बघते. टॉगल प्लेट सारखी तुटते. मिस्त्री म्हणतात जाड पत्र्याची करून बसवू. तसं करू का? (भूम)

उत्तर : ताई, अजिबात करू नका. टॉगल म्हणजे हलणाऱ्या जॉला मागून आधार देणारी प्लेट, ती तुटावी म्हणूनच केलेली असते, घरातल्या फ्यूजसारखी. जाड केली की ती टिकेल, पण पुढचा लोखंडाचा तुकडा आत गेला की मोडेल तो शाफ्ट, पिटमन (हलणारा जॉ धरणारा भाग) किंवा बेअरिंग. तो खर्च कितीतरी टॉगलींच्या किमतीचा, आणि तेवढे दिवस क्रशर बंद.

ती का तुटते ते शोधायला लावा. पोकलेनच्या बकेटचा दात किंवा ड्रिलचं बिट मालात येतंय का? सेटिंग फार घट्ट केलीय का? टॉगलच्या बैठकी झिजल्यात का, तिला धरून ठेवणाऱ्या रॉडची स्प्रिंग ढिली पडलीय का? टॉगल खडखडत असेल, तर आधी स्प्रिंग बघा. बहुतेक वेळा कारण याच चारांत सापडतं.

आणि एक गोष्ट मालकीण म्हणून तुम्हीच पाळायला लावा. जॉमध्ये अडकलेला दगड काढायला कुणी उतरणार असेल, तर आधी मेन स्विच बंद, त्याला कुलूप, आणि किल्ली उतरणाऱ्या माणसाच्याच खिशात. फ्लायव्हील पूर्ण थांबल्याशिवाय आणि जॉ अडवून ठेवल्याशिवाय पाय आत ठेवायचा नाही, कितीही ट्रक लाईनीत उभे असोत.