पाळी पुढे ढकलायची गोळी पहिल्यांदाच घेतेयस ना?

लग्न असो की गौरी-गणपती, आधी डॉक्टरांना भेट. बहिणीच्या पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या नकोत. या गोळीतलं औषध, नॉरएथिस्टेरॉन, बहुधा 5 मिलिग्रॅम, दिवसातून 3 वेळा, पाळीच्या 3 दिवस आधीपासून देतात.

मळमळ, पोट फुगणं, स्तन दुखरे होणं, डोकं दुखणं, उगाच रडू येणं हे होऊ शकतं, आणि गोळी थांबली की बहुतेक ओसरतं. मधेच डाग दिसले तर मनाने डोस वाढवू नकोस, डॉक्टरांना फोन कर.

मला खरी काळजी रक्ताच्या गुठळीची वाटते. या औषधाचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेन या हार्मोनमध्ये बदलतो, आणि त्याने गुठळीचा धोका वाढू शकतो. म्हणून तुला किंवा घरात कुणाला गुठळी, पक्षाघात झाला असेल, तुला अर्धशिशी, यकृताचा आजार असेल, तर न लाजता सगळं सांग. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांग! एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, दम लागणं, छातीत कळ, अचानक अंधुक दिसणं, यातलं काहीही झालं तर पुढची गोळी न घेता थेट हॉस्पिटल गाठ.

गोळ्या बंद केल्यावर 2-3 दिवसांत पाळी येते. या गोळीने गर्भ राहणं टळत नाही, त्यामुळे पाळी आलीच नाही तर तपासणी करून घे.