पहिल्यांदा -517, मग कायमचं -17

प्रश्न : मी फर्मागुडीला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी एका लिनक्स बोर्डावर कॅमेऱ्याचा ड्रायव्हर लिहितोय. कॅमेऱ्याला दोन पॉवर डोमेन (वेगवेगळे चालू-बंद होणारे वीजपुरवठ्याचे भाग) आहेत. बोर्ड सुरू होताना प्रोब (उपकरण ताब्यात घेताना चालणारं ड्रायव्हरचं फंक्शन) एकदा -517, म्हणजे ‘नंतर पुन्हा बघ’, देऊन परततो, कारण सेन्सर तयार नसतो. ते समजतं. पण दुसऱ्या प्रोबला -17 येतं आणि पुढे मॉड्यूल कितीदाही काढून घातलं तरी -17च. रिबूट केलं की पुन्हा तोच खेळ. रिमूव्हमध्ये (उपकरण सोडताना चालणारं फंक्शन) तर सगळं नीट सोडलंय. (कोड सोबत जोडलाय.)
— एक वाचक, फोंडा

उत्तर : रिमूव्हमध्ये सोडलंय, तिथेच घोळ आहे. प्रोब फसला तर कर्नल (लिनक्सचा गाभा) तुमच्या रिमूव्हला हाकच मारत नाही. ज्याने उपकरण ताब्यात घेतलंच नाही, त्याला सोड कशाला म्हणायचं? प्रोबमध्ये जे उचललं, ते प्रोबमधून बाहेर पडण्याआधी तिथेच ठेवायचं.

आता -17. एकच डोमेन असतं तर कर्नलने प्रोबच्या आधी स्वतःच जोडून दिलं असतं. दोन आहेत म्हणून तुम्ही नावाने मागता. तेव्हा कर्नल प्रत्येक डोमेनमागे एक आभासी उपकरण उभं करतो. त्याचं नाव ‘जेनपीडी’, मग क्रमांक, मग तुमच्या कॅमेऱ्याचं नाव. पहिला प्रोब -517 देऊन गेला, ही आभासी मंडळी मागे राहिली. ती तुमच्या मॉड्यूलची नाहीत, त्यामुळे मॉड्यूल काढल्याने जात नाहीत. दुसरा प्रोब त्याच नावाचं उपकरण बनवायला गेला की ‘आधीच आहे’ म्हणजे -17. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, जरा वर सरका, सिसएफएसने (उपकरणांची यादी फाइलींच्या रूपात दाखवणारा कर्नलचा भाग) दुबार नावाची तक्रार केलेली दिसेल.

त्या उपकरणाशी तुम्ही डिव्हाइस_लिंक_अ‍ॅडने दुवा बांधलाय, स्टेटलेस आणि पीएम_रनटाइम हे झेंडे (फ्लॅग) लावून. झेंडे बरोबर आहेत. पण स्टेटलेस म्हणजे दुवा तोडायची जबाबदारी तुमची. दुवा आपोआप तोडणारा ‘ऑटोरिमूव्ह कन्झ्युमर’ही जोडीला लावू का, असं मनात आलं असेल तर नको. स्टेटलेसबरोबर तो चालत नाही, हातात नल, म्हणजे रिकामा पॉइंटर, येतो.

नलवरून आठवलं. डिव्हाइस_लिंक_अ‍ॅड फसलं तर एरर-पॉइंटर देत नाही, नुसता नल देतो. वेर्ण्याच्या एका कंपनीत असताना मी तो तपासला, गोटूने (दिलेल्या लेबलवर उडी मारणारी सी भाषेतली आज्ञा) खाली उडीही मारली, पण रेट, म्हणजे परत द्यायचा एरर-क्रमांक, शून्यच राहिला होता. सगळं सोडून दिलं आणि वर ‘यशस्वी’ म्हणून परतलो. दोन दिवस गेले. तुमच्या कोडमध्ये तेच आहे, ओळ 88.

सोडताना क्रम उलटा. आमच्याकडे चवथीची माटोळी (गणपतीवर टांगलेली फळांची चौकट) उतरवताना आधी फळं सोडतात, मग चौकट. एका वर्षी मी घाईत चौकटीची दोरी आधी सोडली आणि तोरिंजनाचं फळ डोक्यावर घेतलं. इथेही आधी दुवा तोडायचा, मग डोमेन सोडायचं. डोमेन आधी सोडलंत तर आभासी उपकरण जाताना आपले दुवे स्वतःच पुसून जातं, आणि तुमच्या हातात मेलेला पॉइंटर उरतो.

आता इथे गोटूचं लेबल वाढवून भागेल असं वाटेल. भागणार नाही, कारण इंटरप्ट तुम्ही डेव्हएमने, म्हणजे घेतलेलं सामान आपोआप सोडणाऱ्या कर्नलच्या सोयीने, घेतलाय. डेव्हएमचं सामान प्रोब परतल्यावर सुटतं, म्हणजे तुमचं गोटू आटोपल्यानंतर. मधल्या वेळात डोमेन बंद आणि इंटरप्ट चालू. त्या क्षणी इंटरप्ट आला आणि हँडलरने रजिस्टर वाचायला घेतलं, तर बोर्ड जागच्या जागी गोठू शकतो. असली चूक रोज दिसत नाही, नेमकी प्रात्यक्षिकाच्या दिवशी दिसते.

म्हणून गोटू काढाच. डोमेन जोडलं की लगेच पुढच्या ओळीत डेव्हएम_अ‍ॅड_अ‍ॅक्शन_ऑर_रिसेट, त्यात डोमेन सोडणारं फंक्शन. दुवा बांधला की तसंच दुसरं, दुवा तोडणारं. इंटरप्ट सगळ्यांत शेवटी. डेव्हएम शेवटून सोडत येतो, त्यामुळे आधी इंटरप्ट, मग दुवे, मग डोमेन, हा क्रम आपोआप साधतो. नोंदणीच फसली तर हे ‘ऑर_रिसेट’ तुमचं फंक्शन तिथल्या तिथे चालवून मगच एरर देतं. रिमूव्हमधल्या त्या चार ओळी मात्र पुसा, नाहीतर तेच सामान दोनदा सुटेल.

तपासायला सेन्सरची वाट बघू नका. प्रोबच्या अगदी शेवटी मुद्दाम -517 परत करा. दुसरा कुठला ड्रायव्हर बसला की कर्नल तुमचा प्रोब पुन्हा चालवतो, किंवा मॉड्यूल काढून घाला. दरवेळी सिस-क्लास-डेव्हलिंक या डिरेक्टरीत बघा. त्या दोन आभासी उपकरणांचे दुवे तिथे दिसता कामा नयेत. दिसले तर कोड परत पाठवा, पण या वेळी डीमेसेज पूर्ण जोडा, फक्त शेवटच्या दहा ओळी नकोत.