पुरुषांना पण युरिन इन्फेक्शन होतं का, मेडिकलवरून गोळ्या आणून भागेल का?
हो भाऊ, पुरुषांना पण होतं, आणि तुमचं वय ५४, चार दिवस जळजळ, रात्री चार-पाचदा उठावं लागतं असं लिहिलंय तर मेडिकलवरून गोळ्या बिलकुल आणू नका, आधी लघवी तपासा. मी भुसावळला लॅबमधे काम करतो, उन्हाळ्यात हे रोज बघतो, पारा ४५ वर, केळीच्या मळ्यात दिवसभर घाम, पाणी कमी, मग जळजळ झाली की सगळे म्हणतात उन्हाळी लागली आणि सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी चालू. नुसती उन्हाळी असेल तर भरपूर पाण्याने एक-दोन दिवसात उतरते, चार दिवस राहत नाही. बायकांची लघवीची नळी ४ सेंटीमीटरच्या आसपास असते, आपली साधारण २०, म्हणून जंतू सहज वर चढत नाहीत आणि पुरुषाला झालं की मागे बरेचदा प्रोस्टेट (मूत्राशयाखालची पुरुषांची ग्रंथी) वाढलेलं, खडा नाहीतर शुगर निघते. लघवीची रूटीन (साधी तपासणी) आणि कल्चर (लघवीतले जंतू वाढवून त्यांच्यावर कोणतं औषध चालतं ते बघायची तपासणी) दोन्ही करा, तेही पहिली गोळी घ्यायच्या आधी, सुरुवातीची धार सोडून मधली लघवी डबीत घ्या. दोन डोस घेऊन लोक येतात, मग कल्चरमधे काही उगवतच नाही आणि कोणतं औषध लागू पडेल ते डॉक्टरला कळत नाही. कल्चरला दोन-तीन दिवस लागतात, पण थंडी वाजून ताप आला, कमरेत दुखलं किंवा लघवी अडकली तर रिपोर्टची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा.