तुझ्या नावात बाबा कशाला?

रेवा बाळा,

मंगळवारी पोहायला जाताना तू गाडीत विचारलंस, "आई, माझ्या नावात बाबाचं नाव का? तुझं का नाही?" आणि मी म्हटलं, "आपल्याकडे तसंच असतं." लहानपणी माझ्या आईने मला हेच उत्तर दिलं होतं आणि मी चिडले होते. म्हणून आता नीट लिहिते. शनिवारच्या मराठी शाळेमुळे तू जोडाक्षरंही न अडखळता वाचतेस. तरी एखादा शब्द अडला, तर आजोबांना फोन कर. त्यांना तेवढंच निमित्त.

वर्गात काय झालं ते तू हसत सांगितलंस, पण मला जरा लागलं. हजेरीच्या यादीत मधलं नाव छापून आलं आणि मुलं तुला "गिरीश, गिरीश" करायला लागली. त्यांची चूक नाही. फिलाडेल्फियातली ही मुलं, त्यांच्याकडे मधलं नाव म्हणजे बाळाला आवडीने ठेवलेलं आणखी एक नाव. तुला मात्र आम्ही नाव एकच ठेवलं, रेवा. पुढचे दोन शब्द, गिरीश आणि नेरूरकर, म्हणजे दोन प्रश्नांची उत्तरं. कुणाची? गिरीशची. कुठली? नेरूरची. आठवतं, देवळाबाहेर त्या म्हाताऱ्या आजींनी तुझी हनुवटी धरून पहिल्यांदा काय विचारलं? "कुणाची गो तू?" तुझं नाव त्यांनी त्यानंतर विचारलं. हा पत्ता परदेशातल्या फॉर्मांना कळत नाही. विमानाच्या पासवर तर "रेवागिरीश" असा एकच लांबलचक शब्द येतो.

आता हे 'कर' घे. नेरूर कुडाळजवळ, सिंधुदुर्ग जिल्ह्यात. नेरूरकर म्हणजे नेरूरचा. पण गावातल्या गावात हे नाव सांगून काय उपयोग? तिथे सगळेच नेरूरचे. या नावाचं काम पडतं ते वेशीबाहेर गेल्यावर, "हा कोण? तो नेरूरकडचा," असं लोक म्हणायला लागल्यावर. तेव्हा आपल्यातलं कुणीतरी फार पूर्वीच घर सोडून निघालं होतं. मुंबईला की आणखी कुठे, ते बाबाच्या आजोबांनाही सांगता येत नसे.

यातलं माझं सगळ्यांत लाडकं उदाहरण बेने इस्रायल लोकांचं. हे मराठी बोलणारे ज्यू. रायगडच्या किनाऱ्यावर शेकडो वर्षं राहिले, घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांची आडनावं पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर. १९४८ साली इस्रायल झालं, त्यानंतर त्यांच्यातले बरेचसे तिकडे गेले. नातवंडं हिब्रूत वाढली, पण अनेक घरांत पेण आणि किहीम आडनावात तसंच राहिलं. तू म्हणालीस तसं नियमाने आपण आता फिलाडेल्फियाकर व्हायला हवं, पण त्यांनीही स्वतःला तेल अवीवकर करून घेतलं नाही!

माझं माहेरचं आडनाव कुलकर्णी, आणि मी ते लग्नानंतरही ठेवलं. त्यात गाव नाही, नोकरी आहे. गावाच्या जमिनीचा आणि साऱ्याचा हिशेब लिहिणारा तो कुलकर्णी. गावाचा मुख्य पाटील. अनेक गावं मिळून जो परगणा होई, तिथला मुख्य देशमुख आणि तिथला हिशेबनीस देशपांडे. ही कामं वंशपरंपरेने चालत, बापाचं दफ्तर मुलाकडे जाई. म्हणूनच कुलकर्णी आणि पाटील गावोगावी सापडतात आणि एकमेकांचे कुणीही नसतात. तुझ्या मराठी शाळेतले तीन पाटील भाऊ आहेत का, असं तू विचारलं होतंस, त्याचं उत्तर हे. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतनं गेली. हिशेब गेला, दफ्तर गेलं, दारावरची पाटी राहिली. आणि माझं गणित कसं आहे ते तुला माहीतच आहे. फडणीस, चिटणीस, सबनीस यांच्यातला 'नीस' फारसीतला, नवीस म्हणजे लिहिणारा. आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या पत्रकांखाली अजून 'चिटणीस' अशी सही असते ना, तो हुद्दा तिथे जिवंत आहे.

बाकी वाघ, कोल्हे, लांडगे, साखरे, कडू, गोडबोले यांच्या गोष्टी घरोघरी वेगळ्या सांगतात. आगलावे आणि पोटफोडे ऐकून तू लोळून हसशील, म्हणून ते जेवताना सांगणार नाही.

हे सगळं ऐकून वाटतं, आडनाव म्हणजे दगडावरची रेघ. तसं मुळीच नाही. पेशवे हे मूळचे श्रीवर्धनचे भट. बाळाजी विश्वनाथांना १७१३ मध्ये पेशवेपद मिळालं आणि पुढे हुद्दाच घराण्याचं नाव होऊन बसला. जोतिराव फुल्यांचं घराणं सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. पुण्यात फुलांचा धंदा केला, पेशव्यांकडे फुलं पोचवली, लोक फुले म्हणायला लागले. बाबासाहेबांचं घराणं सकपाळांचं. गाव आंबडवे, म्हणून आंबडवेकर, आणि साताऱ्याला शाळेत असताना त्याचं आंबेडकर झालं.

एक गोष्ट मात्र गोड नाही, तीही सांगते. भारतात कुणी "पूर्ण नाव?" असं दुसऱ्यांदा विचारतं, तेव्हा बऱ्याचदा त्याला तुझी जात काढायची असते. घर भाड्याने देताना, लग्न जमवताना, कधी नुसतं शेजारी बसलं म्हणूनही. त्याच कारणाने काही जण आडनाव लावायचंच सोडतात, नुसतं स्वतःचं आणि आई-वडिलांचं नाव लावतात. मला ती माणसं आवडतात. मला ते जमलं नाही.

आता तुझ्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग, माझं नाव का नाही. ओट्यावर पितळेचा तांब्या आहे ना, ज्यात तू चमचे ठेवतेस? तो उलटा कर. बुडाशी ठिपक्याठिपक्यांची अक्षरं आहेत, छिन्नीने ठोकलेली: "चि. द्वारकास मामांकडून, १५-५-५२". आता वरच्या फळीवरचा स्टीलचा डबा काढ, तो पोह्यांचा. त्यावर "सौ. सुमती". दोन्ही माझ्या आजीची भांडी. द्वारकाही तीच, सुमतीही तीच.

तेव्हा लग्न झाल्यावर नुसतं आडनाव बदलत नसे. सासरी लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. सतरा वर्षं द्वारका म्हणून हाक ऐकलेली मुलगी त्या संध्याकाळी सुमती झाली. मामांनी तांब्यावर नाव आधीच घालून घेतलं होतं, म्हणून ते तेवढं वाचलं. मी लहान असताना भाऊबीजेला तिचा भाऊ यायचा आणि पायरीवरूनच ओरडायचा, "द्वारके!" आजी हातातलं पीठ न झटकता बाहेर धावायची. एरवी ती कधी धावत नसे.

या तुझ्याच गावात १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, हे तुम्ही शाळेत शिकलात. त्यांचं माहेरचं नाव यमुना होतं, हे शिकवलं का? आनंदी हे नाव लग्नातलं, आणि लग्न झालं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या. पुढे बायकांसाठी आयुष्यभर झटलेल्या रमाबाई रानडे, त्याही माहेरच्या यमुनाच. दोघी यमुना, आणि दोघींनाही आपण दुसऱ्याच नावाने ओळखतो. गोड दिसतो गं तो तांदळाचा विधी फोटोत. माझ्या लग्नात गुरुजींनी ताट पुढे केलं, तेव्हा मी बाबाला आधीच बजावून ठेवलं होतं. त्याने निमूटपणे माझंच नाव लिहिलं. गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पुढचा मंत्र सुरू केला.

तरीही तुझ्या नावात मी नाही, हे खरंच. तू झालीस तेव्हा हॉस्पिटलचा फॉर्म बाबाने भरला. नाव, वडील, आडनाव हे आपल्या हाताला इतकं वळणी पडलेलं असतं की मी तो वाचला, सही केली आणि काही खटकलंही नाही. नंतर एकदा एका विमानतळावर काउंटरवरच्या माणसाने माझा पासपोर्ट आणि तुझा पासपोर्ट शेजारी ठेवून विचारलं, "ही तुमची कोण?" तेव्हा खटकलं. तू पाच वर्षांची होतीस, मराठीत म्हणालीस, "आई आहे ना ती!" त्याला काही कळलं नाही, पण त्याने शिक्का मारला.

तिकडे आता नियम बदललाय. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. पुण्यातलं तुझं मामेभावंड त्यानंतरचं, म्हणून त्याचा दाखला चार शब्दांचा. मामा म्हणतो, परीक्षेच्या पेपरवर नाव लिहिण्यातच याची दहा मिनिटं जाणार. जाऊ देत.

तुझ्या कागदांचं काय करायचं ते तू मोठी झाल्यावर बघ, इथे कोर्टात अर्ज करून नाव बदलता येतं. पण डिसेंबरात पुण्याला जाऊ तेव्हा तुला एक स्टीलची वाटी घ्यायची आहे, तुझी स्वतःची. भांड्यांच्या दुकानात ते छोटं मशीन असतं, कर्रर्र आवाज करत धातूवर अक्षरं कोरतं. दुकानदार डोकं वर न करता विचारतो, "नाव काय घालू?" मागे रांग असते आणि तो थांबत नाही, म्हणून आधीच ठरवून, कागदावर नीट लिहून ने.

तुझी,
आई