बाबांचं वय गाठलं, आता पुढे?

“मॅडम, गणपती गेले की पक्ष आलाच. वर्ष कुठं जातं कळतच नाही. आणि यंदा मी बाबांच्या वयाचा झालो.”

५३ वर्षांचे हे गृहस्थ माझ्याकडे समुपदेशनासाठी आले होते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). वडील याच वयात हार्ट अटॅकने गेले. पितृपक्ष लागल्यापासून यांना पहाटे तीनला जाग येत होती. उठून नाडी बघायची, मग लॉकरची किल्ली कुठं आहे ते बायकोला पुन्हा सांगायचं. तिथीच्या दिवशी पान वाढताना हार घातलेल्या फोटोकडे लक्ष गेलं. “बाबांचे केस माझ्यापेक्षा काळे आहेत,” एवढं बोलून ते थांबले.

आई किंवा वडील ज्या वयात गेले, त्या वयाशी आल्यावर अशी धास्ती अनेकांना वाटते. बोलायला गेलं तर घरचे म्हणतात, अभद्र बोलू नका. मायेपोटीच म्हणतात, पण माणूस एकटा पडतो. मला हे फार जाचतं.

आधी शरीराचा प्रश्न वेगळा काढला. वडिलांना किंवा भावाला ५५ वर्षांच्या आत हृदयविकार झाला असेल, तर आपला धोका वाढतो. डॉक्टरही त्याची दखल घेतात. तेव्हा “काही होत नाही हो” असं सांगून उपयोग नव्हता. त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. ईसीजी, साखर, कोलेस्टेरॉल ठीक निघालं. बीपी वाढलेलं होतं, गोळी सुरू झाली. त्याने ते उलट सावरले. वडिलांचं बीपी कधी कुणी मोजलंच नव्हतं.

तरी झोप येईना. एका भेटीत मी विचारलं, “बाबांचं काय राहून गेलं?”

बराच वेळ गेला. मग एकेक निघालं. पेटी शिकायची होती, ती माळ्यावरच राहिली. धाकट्याची नोकरी पाहिली नाही. वडील गेले तेव्हा हे २४ वर्षांचे. त्या वयात ५३ म्हणजे म्हातारपणच वाटतं. आता स्वतः तिथं पोचल्यावर कळलं, की बाबा किती लवकर गेले. थोरले म्हणून तेव्हा दिवसकार्य, आईची औषधं, भावाची फी यांत रडायचं राहिलं होतं. ते त्या दिवशी रडले. माझ्या मते त्यांच्या भीतीत अर्धंअधिक हे जुनं दुःखच होतं.

मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्येच मांडलं होतं, की उतारवयात मागचं आयुष्य पुन्हा चाळून बघणं हे मनाचं स्वाभाविक काम आहे. त्याला आजार समजून दाबू नये. मात्र दोन आठवड्यांहून जास्त काळ उदासी हटत नसेल, झोप-भूक गेली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटाच. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

वर्षं पळतात, त्यावर एकच सांगितलं. सगळे दिवस एकसारखे गेले की मागे वळून बघताना आठवायला फार काही उरत नाही, आणि वर्ष आखूड वाटतं. त्यांनी पेटीचा क्लास लावला.

सर्वपित्री अमावास्येला त्यांनी मुलीला आजोबांविषयी पहिल्यांदा सविस्तर सांगितलं. तिला तोवर फक्त फोटो माहीत होता. आजोबा रागवायचे का, हा तिचा पहिला प्रश्न. पुढच्या भेटीत ते आले ते निवृत्तीनंतर काय करायचं हा विषय घेऊन. सध्या आमचं त्यावरच बोलणं चालू आहे.